छापील किंमत

आम्ही किराणा दुकानदार. चिपळूणच्या बाजारपेठेत आमची ही तिसरी पिढी. त्यामुळे पुराच्या वेळी भाव वाढवणाऱ्या व्यापाऱ्यांवर कुणी लेख लिहिला, की तो आम्ही दोनदा वाचतो. एकदा वाचक म्हणून आणि एकदा आरोपी म्हणून. शिवाय दुकानाच्या पाटीवर जे नाव आहे त्यामुळे आमच्यावरचा आरोप जरा लवकर सिद्ध होतो, हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

भाव बांधून देणारे कायदे आपल्याकडे भरपूर आहेत. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमानं सरकारला भाव ठरवता येतो, साठ्यावर मर्यादा घालता येते. सातव्या कलमात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. १९८० च्या काळाबाजार प्रतिबंधक कायद्यानं व्यापाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली पुड्यावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतला तरी दंड. २०२० मध्ये धान्य, डाळी, कांदा, तेल यांवरचं नियंत्रण युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ आणि मोठी नैसर्गिक आपत्ती एवढ्यापुरतंच ठेवणारी दुरुस्ती आली होती. ती २०२१ च्या अखेरीस इतर दोन शेती कायद्यांबरोबर परत गेली. दुकानदाराला ही कलमं पाठ असतात. वकिलाला पुस्तक उघडावं लागतं, आम्हाला नाही.

पण कायदा ज्या वस्तूंना ओळखतो त्या वस्तू आणि पुरात माणसाला ज्या लागतात त्या वस्तू, यांची यादी एक नाही. हे आम्हाला २००५ च्या जुलैमध्ये थोडंसं कळलं आणि २०२१ मध्ये पुरतं कळलं.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. कोरोनामुळे ईदची नमाज लोकांनी घरातच पढली. पाऊस दिवसभर थांबलाच नाही. रात्री घरोघरच्या फ्रिजमध्ये कुर्बानीच्या गोश्ताचे वाटे होते, पाहुण्यांची अंथरुणं पडलेली होती, आणि पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या बाजारात शिरल्या. पाणी दुकानाच्या पाटीच्या वर गेलं. वीज गेली, फोन गेले. त्या एका दिवसात चिपळूणच्या कोविड रुग्णालयात आठ रुग्ण दगावले, आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड येऊन ऐंशीच्या वर माणसं गेली. त्यापुढे आमचं काय गेलं हे सांगायची लाज वाटते. तरी सांगतो, कारण पुढचं त्यावर उभं आहे. तांदळाची पोती फुगून फुटली, साखर पाण्याबरोबर गेली, तेलाचे डबे तरंगत शेजारच्या कापड दुकानात जाऊन बसले. चौथ्या बोळापर्यंत मसाल्याचा वास होता.

पाणी ओसरल्यावर लोकांना काय हवं होतं? पिण्याचं पाणी, दूध, मेणबत्त्या, काडेपेटी. हे ठीक. पण त्याहून जास्त हवं होतं ते चिखल ओढायला फावडं, घमेलं, खराटा, गमबूट, फिनेल, रबरी नळी. विहिरीतलं पाणी उपसायला पंप. मोबाईल चार्ज करायला कुणाचा तरी जनरेटर. गाळ काढायला चार माणसं. त्या माणसांची मजुरी, पंपाचं भाडं, जेसीबीचा तास, यांच्यावर छापील किंमत कुठे असते? सुट्या मेणबत्तीवरसुद्धा नसते. वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली कुणी पन्नासला विकली तर त्याचा फोटो निघतो. पंपाचं भाडं एका रात्रीत चौपट झालं तर त्याला लोक 'मागणी' म्हणतात. आम्हाला दोन्ही सारखंच वाटतं, पण असो.

आमच्यातला धाकटा स्वभावानं तडफदार. तो म्हणाला, दुकान बुडालं म्हणून धंदा बुडत नाही. तिसऱ्या दिवशी कुंभार्ली घाटातून लहान गाड्या सुटू लागल्या, तेव्हा त्यानं कराडला जाऊन माल आणायचं ठरवलं. महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल खचलेला होता, कोकण रेल्वे बंद होती. त्यामुळे मुंबईकडून काही येण्याची आशा नव्हती. एरवी अडीच हजारांत येणारा टेंपोवाला नऊ हजार म्हणाला. त्यालाही दोष देता येईना; दरडीखालून गाडी काढायची होती, परतीचं भाडं नव्हतं. धाकट्यानं उधारीवर चाळीस हजारांचा माल भरला. दूध पावडर, बिस्किटं, मेणबत्त्या, काडेपेट्या, फिनेल. छापील किमतीनं सगळा खपला तर त्यात चार हजार सुटणार आणि नऊ हजार टेंपोला जाणार. म्हणजे पाच हजारांचा सरळ तोटा. हा हिशेब त्यानं टेंपोतच सिगारेटच्या पाकिटावर मांडला होता.

उंचावर राहणाऱ्या एका नातेवाइकाच्या ओट्यावर माल लावला आणि प्रत्येक पुड्यामागे पाच-सात रुपये जास्त घेतले. लोक घेत होते. कुणी कुरकुरत होतं, कुणी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवत होतं. एकानं विचारलं, "पाच रुपये जास्ती कशाचे?" धाकट्यानं सांगितलं, "टेंपोचे." तो गृहस्थ दोन पुडे घेऊन गेला, आणि संध्याकाळी आमच्या ओट्याचा फोटो सगळ्या शहराच्या मोबाईलवर फिरत होता. खाली दोन ओळी होत्या. त्यात भावाबद्दल एक शब्द होता आणि आमच्या जमातीबद्दल बाकीचे. लिहिणारा कोण हे आम्हाला ठाऊक आहे. तो अजून आमच्याकडूनच चहा पावडर नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कर्मचारी आला. चिखलानं त्याची पँट गुडघ्यापर्यंत माखली होती, म्हणजे त्याच्याही घरात पाणी शिरलेलं असणार. त्यानं कराडची बिलं पाहिली, टेंपोची पावती पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, "मला सगळं समजतंय हो, पण छापील किमतीच्या वर घेतलेत तर मला कारवाई करावी लागेल." तो खोटं बोलत नव्हता. कायद्यात टेंपोला जागा नाही. धाकट्यानं उरलेला माल छापील किमतीला दिला आणि दुसरी खेप रद्द केली. त्या दोन दिवसांत आमच्या भागात दूध पावडर मिळाली नाही. लहान मुलांच्या आया ओट्याकडे येत आणि रिकामा ओटा बघून परत जात.

घरात यावर खूप बोलणं झालं. वीज नव्हती, करायला दुसरं काही नव्हतं. अब्बांचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनी आयुष्यभर मापात मारलं नाही. धाकट्यानं पाच रुपये जास्त घेतले याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि माल येणं थांबलं याचंही. ते म्हणाले, "दोन्ही गोष्टी माझ्या गळ्याखाली उतरत नाहीत."

मग हदीस निघाली. मदिनेत भाव चढले तेव्हा लोकांनी पैगंबरांकडे भाव बांधून देण्याची मागणी केली आणि त्यांनी ती नाकारली. भाव चढवणारा-उतरवणारा अल्लाह आहे, कुणाच्या मालावर माझ्याकडून जुलूम होऊ नये, असा त्याचा आशय. अनस यांच्याकडून आलेली ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. धाकटा खूश झाला. पण अब्बांनी लगेच दुसरी सांगितली, साठा करून अडवणारा गुनहगार असतो ही. ती मुस्लिममध्ये आहे. मग प्रश्न असा, की धाकटा यांतला कोण?

आमच्या एका चाचांनी मदरशात काही वर्षं काढली आहेत. ते म्हणाले, फिकहच्या ग्रंथांत दोन शब्द आहेत, जालिब आणि मुहतकिर. जालिब म्हणजे बाहेरून माल घेऊन येणारा. मुहतकिर म्हणजे गावातला माल गोळा करून दडपणारा. पहिल्याला बरकत आणि दुसऱ्यावर लानत, अशी एक रिवायत इब्न माजामध्ये आहे. तिची सनद मुहद्दिस कमजोर मानतात, हेही चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण हनफी फकीहांनी फरक मानला आहे, बाहेरून आणलेल्या मालाचा हिशेब वेगळा. आणि इब्न तैमियांनी म्हटलं आहे, की माल कमी झाल्यामुळे किंवा माणसं वाढल्यामुळे भाव चढला तर विकणाऱ्याला जबरदस्ती करू नये. पण लोकांची गरज बघून विकणाऱ्यानं माल अडवला तर हाकिमानं त्याला वाजवी भावाला विकायला लावावं.

आम्हाला हा फरक पटला, आणि तो धाकटा आमचा आहे म्हणून पटला असं नाही. त्याच आठवड्यात वरच्या भागातल्या एका गोदामात पाण्याच्या बाटल्यांचे खोके पुराआधीपासून पडून होते. त्यांना ना टेंपो लागला ना घाट. त्या बाटल्या दुप्पट-अडीचपट भावानं गेल्या. तिथे छापील किमतीचा कायदा पूर्ण ताकदीनं लागायला हवा होता. एकाच कलमानं दोघांना मोजलं, हे आमचं दुखणं. तेही बघा, गोदामवाल्याचा फोटो कुणी काढला नाही.

इतिहासात ज्यांनी भाव बांधून दाखवला त्यांनी नुसता भाव बांधला नव्हता. अल्लाउद्दीन खिलजीनं दिल्लीत गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल ठरवला, हे शाळेत वाचतात. पण बरनीनं पुढचंही लिहून ठेवलं आहे. सुलतानानं सरकारी कोठारं भरली, धान्य वाहणाऱ्या नायकांना यमुनेच्या काठी वसवलं आणि त्यांच्याकडून माल वेळेवर आणण्याची हमी घेतली. जाच होता, यात शंका नाही. पण वाहतूक सोडून भाव धरता येत नाही, एवढं त्याला कळलं होतं. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे शाहू महाराज. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांना बोलावून धान्य कमी भावात विकायला सांगितलं आणि होणारा तोटा दरबारातून भरून देण्याचं कबूल केलं. स्वस्त धान्याची दुकानंही उघडली. आमच्या पाच हजारांसाठी असा दरबार कुठे असता, तर धाकट्यानं रोज दोन खेपा केल्या असत्या.

हजरत उमर यांच्या काळी हिजरी १८ मध्ये दुष्काळ पडला, त्याचीही आठवण अब्बांनी काढली. खलिफांनी तेव्हा बाहेरून धान्य मागवलं आणि स्वतः तूप सोडलं. अब्बा हे सांगताना नेहमी तुपावर थांबतात. आम्हाला धान्य महत्त्वाचं वाटतं.

२०२० च्या मार्चमधला अनुभवही असाच. सरकारनं मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक यादीत घातले, तीन पदरी मास्क दहा रुपये आणि दोनशे मिलीची बाटली शंभर रुपये असा भाव ३० जूनपर्यंत बांधला. हेतू चांगला होता. आमच्या घाऊक व्यापाऱ्याचा भाव मात्र त्याहून वर होता. आम्ही ते ठेवणंच बंद केलं.

तर पुराकडे येऊ. दोन-तीन दिवसांनी रस्ते मोकळे झाले आणि मदत आली. किती आली! सगळीकडून ट्रक. कुठल्या जमातीचे, कुठल्या मंडळाचे, कुठल्या गुरुद्वाऱ्याचे, कुणी विचारलं नाही. ज्या पाण्याच्या बाटलीला पन्नास रुपये पडत होते तिचे ढीग नाक्यानाक्यावर पडले, लोक त्या पाण्यानं हातपाय धुऊ लागले. तांदूळ, डाळ, तेल, कपडे. हे बघून आमचे डोळे भरून आले, हे खरं. आणि पुढचे दीड-दोन महिने आमच्याकडून कुणी तांदळाचा दाणा विकत घेतला नाही, हेही खरं. कर्ज काढून दुकान पुन्हा भरलेलं, आणि घरोघर फुकटच्या पिशव्या. ३ ऑगस्टला मंत्रिमंडळानं मदत जाहीर केली, कुटुंबाला दहा हजार आणि दुकानदाराला नुकसानीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत, पण जास्तीत जास्त पन्नास हजार. पन्नास हजारांत किराणा दुकानाची एक भिंत भरते. भाव जास्त झाला तर त्यावर कायदा आहे. शून्य झाला तर काय करायचं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. भुकेल्या माणसाला फुकट मिळालेलं अन्न आम्हाला कधीच खुपणार नाही. पण मदतीतला थोडा भाग कूपन म्हणून आला असता आणि ते कूपन आमच्यासारख्याच्या दुकानात चाललं असतं, तर बाजार महिनाभर आधी उभा राहिला असता.

नंतर शहरानं गाळ उपसण्यासाठी साखळी उपोषण केलं, नदीतला गाळ निघाला. आता दर जूनच्या सुरुवातीला आम्ही खालचा माल माळ्यावर चढवतो. पीठ, साखर, काडेपेटी सगळ्यात वर. अब्बा खाली खुर्चीत बसून कुठलं पोतं आधी हे सांगतात.

मागे पावसाळ्याआधीच्या एका बैठकीत व्यापाऱ्यांनाही बोलावलं होतं. बोटी किती, पोहणारे किती, निवाऱ्याच्या शाळा कुठल्या, हे सगळं वाचून झालं. मग भाववाढ करणाऱ्यांवर कडक कारवाई होईल असंही वाचलं गेलं, तेव्हा दोन-चार माना आमच्याकडे वळल्या. धाकटा उठला. त्यानं विचारलं, "घाट बंद असताना कराडहून माल आणायचा झाला तर टेंपोचं जादा भाडं कुणी द्यायचं? पावती दाखवून ते भाड्यापुरते भावात धरता येईल का?" साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. त्यानं पुन्हा विचारला, आणि २०२१ ची टेंपोची पावती खिशातून काढून टेबलावर ठेवली. चिखलाचा डाग तिच्यावर अजून आहे. साहेबांनी ती वाचली, शेजारच्या कारकुनाला दाखवली, आणि वहीत लिहायला सांगितलं. यंदाच्या यादीत काय येतं ते अजून कळलेलं नाही.