आतली खूण

घड्याळजीकडे लायटर दुरुस्तीला येतो याचं बाहेरच्याला नवल वाटतं, रत्नागिरीत कुणाला वाटत नाही. इथल्या प्रत्येक आळीतला एखादा तरी बोटीवर गेलेला असतो आणि येताना त्याने घड्याळासोबत लायटरही आणलेला असतो. बारीक चिमटा, भिंग आणि धीर या तिन्ही गोष्टी माझ्याकडे सापडतात, म्हणून दोन्ही वस्तू एकाच टेबलावर येऊन पडतात.

पेट्रोल लायटरचं दुखणं बहुतेक वेळा ठरलेलं असतं. खडा फुगलेला असतो.

आपण त्याला खडा म्हणतो, पण तो दगड नव्हे, धातू आहे. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ साली सिरियम आणि लोखंडाच्या या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. लग्नातल्या, नमनातल्या पेट्रोमॅक्स बत्तीला जे मेंटल लागायचं, त्याच्यामागेही हाच माणूस. मेंटलसाठी लागणारं थोरियम काढून घेतलं की सिरियम आणि त्याची भावंडं मागे उरायची. त्या उरल्यासुरल्यातून लायटरचा खडा जन्माला आला.

आजोबांच्या चंचीत चकमक असायची. तिच्यात गारगोटी पोलादाचा कीस काढते आणि पेटतो तो पोलादाचा कीस. खाली धरलेला सावरीचा कापूस ती ठिणगी झेलतो. लायटरमध्ये सगळं उलटं. पोलादी चाक खड्याचा कीस काढतं आणि पेटतो खडा. म्हणजे दर ठिणगीला खडा थोडाथोडा खर्च होतो. रोजच्या वापरातला खडा असा झिजून झिजून संपतो, त्याची तक्रार नाही. कपाटात ठेवून दिलेला मात्र आमच्या दमट हवेत भुसभुशीत होऊन फुगतो आणि नळीत घट्ट बसतो. जपून ठेवलेलेच लायटर माझ्याकडे जास्त येतात ते यामुळे.

असा खडा काढताना घाई केली की नळी गेलीच. खालचा स्क्रू सोडायचा, स्प्रिंग बाहेर घ्यायची, मग बारीक ड्रिल बोटांत धरून हाताने फिरवत राहायचं. मोटर लावायची नाही. राखाडी भुगा पडत राहतो. मधूनच ड्रिल हलकं झाल्यासारखं वाटतं, तिथे थांबायचं, कारण त्यापुढे चाक असतं. पुढचं काम कापसाचं. आतले बोळे काढून ओळीने मांडून ठेवायचे, आले त्याच क्रमाने परत भरायचे आणि वात त्यांच्यामधून नागमोडी न्यायची. वातीचं टोक काळं पडलं असेल तर चिमट्याने जरा वर ओढून कापायचं. पेट्रोल घालताना कापूस भिजला की हात आवरायचा. जास्त झालेलं पेट्रोल खिशातून मांडीपर्यंत झिरपतं आणि कातडी अशी झोंबते की माणूस पुन्हा ती चूक करत नाही. भरल्यावर लायटर पुसायचा, हात पुसायचे, थोडं थांबायचं, मगच चाक फिरवायचं.

एवढं करूनही आठवड्या-दोन आठवड्यांत पेट्रोल आपोआप उडून जातं, लायटर वापरा किंवा नका वापरू. काही लोक याला दोष म्हणतात. मी म्हणतो, त्याची आठवण ठेवावी लागते, एवढंच.

गॅसचा लायटर याहून तऱ्हेवाईक. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो, म्हणून आपल्या हवेत तो दाबाखालीच द्रव राहतो. भरण्याआधी आतला उरलेला गॅस आणि हवा काढून टाकायची, ज्योतीचा स्क्रू सगळ्यात कमीवर आणायचा, लायटर उलटा धरून डब्याचं तोंड वरून सरळ दाबायचं. भरताना टाकी गार पडते. ती नेहमीच्या उबेला येईपर्यंत पेटवायचा नाही. दहांतले सात लोक ‘भरला तरी पेटत नाही’ म्हणून येतात, त्यांनी हवाच काढलेली नसते.

मग यूज अँड थ्रो? खरं सांगायचं तर यंत्र म्हणून तो सरस आहे. टाकी बंद असल्यामुळे गॅस उडत नाही, महिनाभर पडून राहिला तरी पहिल्या फटक्यात पेटतो. १९७३ साली बाजारात आलेला बिकचा लायटर तीन हजार वेळा पेटतो, असं कंपनी सांगते. माझ्या टेबलावर स्पिरिटचा दिवा असतो, तो मी यूज अँड थ्रोनेच पेटवतो. दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाने हे कबूल करावं, नाहीतर पुढचं सगळं ढोंग ठरतं. आता तो पूर्वीइतका स्वस्तही राहिलेला नाही. तमिळनाडूतल्या काडेपेटीवाल्यांच्या मागणीवरून २०२३ मध्ये सरकारने वीस रुपयांखालच्या लायटरची आयात बंद केली.

माझ्या खणात असे मेलेले पाच-सहा आहेत. एक पारदर्शक आहे, आत अजून बोटभर गॅस हलतो आहे, पण चाक तुटलंय. तो उघडायला स्क्रू नाही. आत ज्वलनशील पदार्थ असलेली आणि उघडता न येणारी वस्तू टाकायची कुठे, हे अजून मला सुचलेलं नाही. त्या एका खणाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही चांगल्या लायटरने शिकवलं नाही.

जॉर्ज ब्लेझडेल यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डमध्ये १९३३ साली पहिला झिप्पो एक डॉलर पंचाण्णव सेंटला विकायला काढला आणि सोबत कायमची फुकट दुरुस्ती कबूल केली. असं वचन उघडता येणाऱ्या वस्तूबद्दलच देता येतं. त्या लायटरच्या बुडावर पुढे तारखेच्या खुणा छापू लागले. आधी ठिपके आणि तिरक्या रेघा, नंतर रोमन आकडे, २००१पासून सरळ आकडे. बुडावरच्या खुणेवरून तो कधी बनला ते कळतं. तो कोणाकोणाच्या हातून गेला ते कळायला आत बघावं लागतं. घड्याळजी घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख कोरतो, बारीक, भिंगाशिवाय न दिसणारी. ती गिऱ्हाइकासाठी नसते, पुढच्या घड्याळजीसाठी असते. तीच सवय माझी लायटरलाही लागली.

गेल्या श्रावणात एक निवृत्त सारंग आले. वय ऐंशीच्या घरात. कागदाच्या पुडीतून पेट्रोल लायटर काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“बघा हो, जिवंत होतो का.”

“काका, ओढता अजून?”

“डॉक्टरने बंद केली, सहा वर्षं झाली. पण हात रिकामा राहतो.”

मी आतला भाग ओढून काढला आणि भिंग लावलं. बाजूला अंगठ्याएवढ्या जागेत दोन तारखा होत्या, २००४ आणि २०१३, दोन्ही माझ्याच हाताच्या. पहिल्या तारखेतला शून्य किती गोल आला होता! तेव्हा हात थरथरत नसे. मी त्यांना काही बोललो नाही.

खडा फुगलेलाच होता. पाऊण तास ड्रिल फिरवलं, कापूस बदलला, नवीन वात घातली. शेवटी सुई घेऊन तिसरी तारीख कोरली. शून्य या वेळी जरा चपटा आला.

काकांनी लायटर हातात घेतला, अंगठ्याने झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. प्रत्येक वेळी तो टकटक आवाज कान देऊन ऐकला. मग तो खिशात टाकला आणि पैसे विचारले. चाक त्यांनी एकदाही फिरवलं नाही.