पावलीची ऊब

घोंगडी टोचते, हे आधीच सांगून टाकते. तिच्यावर लिहिताना माणसं मायेच्या उबेबद्दल भरभरून लिहितात आणि एवढी एक गोष्ट गिळतात. बेळगावच्या घरात मी आजीच्या कुशीत झोपायचे तेव्हा माझा एक हात कायम घोंगडीच्या काठावर असायचा, तो हनुवटीला लागू नये म्हणून. आजीने त्यावर तोड काढली होती. आतून तिचं विरलेलं नऊवारी, वरून घोंगडी.

बेळगावला तेव्हा गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. जूनमध्ये एकदा पाऊस बसला की पाहुण्यासारखा मुक्कामच ठोकायचा. रानात मेंढ्या बसवायला आलेले धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन उभे असत आणि सर तिच्यावरून ओघळून जाई. लोकरीत मेंढीच्या अंगचं तेल असतं, म्हणून ती पाण्याला लवकर दाद देत नाही. पण एकदा पुरती भिजली की दोघांनी धरून पिळावी लागते आणि तीन-तीन दिवस वाळत नाही. ‘भिजत घोंगडं’ म्हणजे काय, हे मला शाळेत कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या पडवीतल्या दांडीवर ते अख्खा श्रावण लोंबकळत असे.

ती घोंगडी आजोबांनी पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेतून आणली होती. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर. बायकांनी चरख्यावर कातलेलं सूत. त्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन सनगरांनी खड्डामागावर केलेलं विणकाम. नवी घोंगडी कडक का असते, तर त्या खळीमुळे. आजोबा म्हणत, घोंगडी पहिली पाच वर्षं आपल्याला सोसते, मग आपण तिला. मला तेव्हा ते उलटं वाटायचं.

१९८९ मध्ये लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हा होल्डॉलमध्ये ती होती. सासरची माणसं हसली. बेंगळुरूत कसली आलीय थंडी? पण हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर आहे. तेव्हा मल्लेश्वरमच्या आमच्या भाड्याच्या घरात पंखासुद्धा नव्हता, कुणाला त्याची गरजही वाटत नसे. बसवनगुडीत कार्तिकातली शेंगदाण्याची परिषे, म्हणजे जत्रा, झाली की कानटोप्या बाहेर पडत. घरमालकीणबाई पहाटे सडा घालताना म्हणायच्या, “तुंबा चळी.” चळी म्हणजे थंडी, हा मी शिकलेला पहिला कानडी शब्द. आपलं चळचळा कापणं याच घरातलं असावं, अशी मी मनाशी सोयरीक जुळवून टाकली. एकदा मी घोंगडी उन्हात टाकली, तर बाई हातातलं काम टाकून आल्या. “कंबळी!” त्यांचं माहेर चित्रदुर्ग जिल्ह्यातलं, चळ्ळकेरेकडचं, तिकडेही कुरुबांच्या मागावर अशाच कंबळ्या विणतात. त्यांनी काठ चिमटीत धरून पाहिला, वास घेतला. माझं कानडी तेव्हा वीस शब्दांचं होतं. त्या दिवशी तेवढे पुरले.

मग बरे दिवस आले. जयपुरी रजई आली, तिच्यामागून पानिपतचं गुबगुबीत ब्लँकेट आलं, ज्यावर एक वाघ पहुडलेला होता. मुलीला घोंगडी टोचायची आणि तिच्याकडे आजीचं नऊवारी नव्हतं. कडुनिंबाचा पाला घालून मी घोंगडी माळ्यावर टाकली. वीस वर्षं ती तिथेच होती.

मागच्या हिवाळ्यात आई बेळगावहून माझ्याकडे राहायला आली. वय चौऱ्याऐंशी, गुडघे दुखरे, मधुमेह जुना. आमचं घर तळमजल्यावरचं, लाल गिलाव्याच्या जमिनीचं. उन्हाळ्यात या जमिनीचं कौतुक करावं तेवढं थोडं; जानेवारीत मात्र पहाटे तिच्यावर पाय ठेवणं म्हणजे शिक्षा. या शहराचा नीचांक १८८४ च्या जानेवारीतला आहे, ७.८ अंश. आता जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी पंधरा-सोळावर असतो. पण इथली घरं वारा खेळता राहावा म्हणून बांधलेली, आणि म्हाताऱ्या हाडांना आकडे कळत नाहीत.

आधी हीटर आणला. दोन हजार वॉटचा, म्हणजे तासाला दोन युनिट. रोज चार तास धरले तर महिन्याला २४० युनिट नुसते त्याचेच. राज्यात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. आमचा वापर बेताचा, म्हणून बिल शून्य येतं. पण महिन्याचा वापर २०० युनिटांवर गेला की सगळंच बिल भरावं लागतं. आईला हिशेब सांगितला. ती म्हणाली, “अंथरूण बघून पाय पसरावेत, आणि तू अख्खी खोली तापवायला निघालीस!”

मँचेस्टरहून मुलीनेही तेच सांगितलं, फक्त तिच्या देशाच्या भाषेत. २०२२ मध्ये तिकडे गॅस आणि वीज अफाट महागली तेव्हा लोकांनी घर तापवायचं सोडून माणूस तापवायला घेतला. सोफ्यावर बसून अंगावर घ्यायचं विजेचं पांघरूण, त्याला ते हीटेड थ्रो म्हणतात. इथेही ऑनलाइन मिळतं. मी आठवडाभर त्याचाच अभ्यास केला. १२० वॉटचं, म्हणजे आठ तासांनी जेमतेम एक युनिट. आपोआप बंद होणारं हवं, वायरचा जोड निघणारा हवा म्हणजे धुता येईल, आयएसआय मार्क हवा. घड्या घालून चालू करायचं नाही, आतली तार जास्त तापते. टाचणी लावायची नाही.

पांघरूण आलं. मऊ, बदामी रंगाचं, मुळीच न टोचणारं. आईने हात फिरवला आणि म्हणाली, “मांजर आहे की गं!”

अडलं ते डॉक्टरांपाशी. मधुमेहाने आईच्या तळपायांची जाणीव कमी झालेली. त्यांनी टाचेला काडी टेकवली, आईला कळलंच नाही. अशा पायांना चटका बसला तरी समजत नाही. रात्रभर हे अंगावर चालू ठेवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मग एक सोपी युक्ती सांगितली. झोपायच्या आधी वीस मिनिटं अंथरूण तापवा, प्लग काढा, पांघरूण बाजूला करा आणि मगच त्यांना झोपवा.

पण प्लग काढल्यावर ती उष्णता राहायची कशात? वाघाच्या ब्लँकेटखाली आईला घाम यायचा, आणि घाम गार पडला की हुडहुडी भरायची. तेव्हा कुठे मला माळा आठवला.

विजेचं पांघरूण उष्णता तयार करतं. घोंगडी काहीच तयार करत नाही. तिच्या कुरळ्या केसांमध्ये हवा अडकते आणि ती हवा आपलीच उष्णता आपल्यापाशी थोपवून धरते. अंगाची वाफसुद्धा ती मुकाट्याने शोषून घेते. म्हणजे आजीने मला घोंगडीने तापवलंच नव्हतं. शांत झोपलेलं माणूस सत्तर-ऐंशी वॉट उष्णता देत असतं. तापवत होती आजी. घोंगडी नुसती राखण करत होती. मी ज्या पांघरुणाचा आठवडाभर अभ्यास केला ते, वॉटांत मोजलं, तर दीड आजी भरतं.

आता आमचा रोजचा क्रम ठरला आहे. साडेनवाला प्लग लावते, दहाला दहा कमी असताना काढते. वीस मिनिटांचे ४० वॉट-तास. युनिटला सहा रुपये धरले तरी चोवीस पैसे. आईच्या भाषेत पावली. मग आतून माझी जुनी सुती साडी, वरून घोंगडी.

परवा प्लग काढून मी उठायला लागले तर आई म्हणाली, “बस की जरा. ही बाजू गार लागते.” मी पाय आत घेतले. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. दिवा मालवताना पाहिलं, झोपेतही तिचा एक हात घोंगडीच्या काठावर होता, तो हनुवटीला लागू नये म्हणून.