गुडघ्यांची साक्ष

वयाची पंचावन्न वर्षे उलटली, तेव्हा माझ्या उजव्या गुडघ्याने प्रथम तक्रार केली. मिस्साबलीच्या वेळी वेदीसमोर गुडघा टेकून उठताना आत बारीकशी कळ येई. गुरुविद्यालयातील शिक्षणाची वर्षे आणि त्यानंतरची सत्तावीस वर्षे या सांध्याने मुकाट्याने सेवा केली होती. त्याची विचारपूस मी कधीच केली नव्हती. अखंड प्रार्थनेमुळे संत याकोबाच्या गुडघ्यांना उंटाच्या गुडघ्यांसारखे घट्टे पडले होते, असे हेगेसिप्पसच्या आधारे इतिहासकार युसेबियसने नोंदवून ठेवले आहे. माझ्या गुडघ्यांची पुण्याई तेवढी थोर नाही, हे प्रारंभीच कबूल करतो.

बीडला एक्स-रे काढला. तो निर्दोष निघाला. मात्र कळ थांबेना, म्हणून पुण्याच्या एका स्नेही डॉक्टरांनी माझी एमआरआय तपासणी करवून घेतली. यंत्राच्या बोगद्यात अर्धा तास निश्चल पडून मी तो ठोकाठोकीचा आवाज ऐकत होतो. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर माझा गुडघा दाखविला. हाडांच्या टोकांवरील पातळ पट्टा हिरव्या-निळ्या रंगांत उमटला होता आणि आतल्या बाजूस त्यावर तांबूस डाग होते.

डॉक्टर म्हणाले, "फादर, एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधले अंतर कमी झाले, की कूर्चा झिजली असे आम्ही अनुमान करतो. तोवर बराच उशीर झालेला असतो."

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचे दोन-चार मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत आवरण. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती सहजी भरून येत नाही. मज्जातंतू नाहीत, म्हणून झिजताना ती ओरडतही नाही. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा येत नाही, हे विल्यम हंटर या शल्यविशारदाने १७४३ सालीच लिहून ठेवले होते. तिचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. कोलॅजनच्या तंतूंचे जाळे आणि प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू ते पाणी धरून ठेवतात. झीज सुरू होते ती या जाळ्यात; जाडी पुढे कमी होते.

हे जाळे सैल झाले की नाही, हे नवे तंत्र मोजून सांगते. चुंबकाच्या प्रबळ क्षेत्रात पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके एका शिस्तीत येतात. रेडिओलहरीने त्यांना धक्का दिला, की त्यांच्याकडून एक संकेत येतो आणि क्षणार्धात ओसरतो. या ओसरण्याच्या एका मापाला टी-टू म्हणतात. निरोगी कूर्चेत पाणी बांधलेले असते, म्हणून संकेत लवकर विझतो; जाळे विसकटले, की पाणी मोकळे होते आणि संकेत रेंगाळतो. हा फरक काही सहस्रांश सेकंदांचा असतो. टी-वन-ऱ्हो नावाचे दुसरे माप प्रोटिओग्लायकॅन घटल्याची चाहूल देते. माझ्या गुडघ्यावरचे तांबूस डाग हे असे रेंगाळलेले पाणी होते.

अमेरिकेत २००४ पासून ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ स्त्री-पुरुषांच्या गुडघ्यांचा अनेक वर्षे असा पाठपुरावा झाला. एक्स-रे स्वच्छ असूनही ज्यांचे टी-टू वाढलेले होते, त्यांच्यात पुढे संधिवाताची शक्यता अधिक आढळली. अर्थात या तंत्राला मर्यादा आहेत. एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राशी तंतोतंत जुळत नाही आणि नुकत्याच केलेल्या श्रमानेही तो बदलतो. शिवाय झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे सिद्ध औषध अद्याप नाही. डॉक्टरांनी मला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला आणि वजन कमी करण्यास सांगितले. शरीराचे एक किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, हे त्यांच्याकडूनच कळले.

परतीच्या प्रवासात मला माझ्या धर्मग्रामातील एक मावशी आठवल्या आणि मन ओशाळले.

आमचे गाव बालाघाटच्या डोंगराळ भागातले. दसरा-दिवाळीनंतर घरांना कुलपे लागतात आणि माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि दुखण्यापायी एक दिवस काम चुकले तरी खाडा पडतो. मावशींनी असे तीस हंगाम केले. ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचे. ज्यांच्या कृत्रिम गुडघ्यांत मापके बसविली होती अशा रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की जिना चढता-उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. मावशींच्या डोक्यावर तर मोळीही होती.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी, सारे गुडघ्यांवर असताना, मावशी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. मी सर्वांदेखत म्हणालो, "देवासमोर असे बसत नसतात." त्या काही न बोलता शहाबादी फरशीवर गुडघ्यांवर आल्या. उठताना त्यांना दोघींनी धरले. प्रकृतीमुळे ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत, त्यांना विधीच्या नियमांतच सवलत आहे. ते मी शिकलो होतो, शिकविलेही होते, आणि त्या क्षणी विसरलो होतो.

पुण्याहून आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्यांनी विषयच बदलला.

"फादर, तुमचं बी गुडघं गेलं म्हणं?"

"गेले नाहीत, मावशी. जाण्याच्या वाटेवर आहेत. दुखायच्या आधीच दाखवणारं यंत्र निघालंय."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर म्या काय केलं असतं? उचल घेतल्याली. मोळी तर उचलावीच लागली असती की."

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मला पूर्वसूचना मिळाली आणि मी भार हलका करू शकलो. ज्याला भार खाली ठेवण्याची मुभा नाही, त्याला सूचना मिळून केवळ चिंता वाढते. मावशींचा गुडघा कशाने झिजला, हे सांगण्यास रंगीत नकाशाची गरजही नव्हती. मोळी लहान बांधणे, मोळ्या चढविण्यास यंत्र देणे, दुखण्याच्या दिवशी खाडा न लावणे, एवढे उपाय पडद्याविना दिसतात. ते ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्यापर्यंत मावशींचा प्रश्न पोहोचविणे हे आता मी माझे काम मानतो. तंत्रज्ञान मोठे आहे. ते आमच्या तालुक्यापर्यंत यावे, अशी माझी प्रार्थना आहे. पण त्याच्या आधी मोळीचे वजन उतरले पाहिजे.

आता आमच्या चर्चमध्ये भिंतीलगत दहा खुर्च्या ठेवल्या आहेत. मावशी पहिल्या खुर्चीवर बसतात. मी वेदीची कड धरून सावकाश गुडघा टेकतो आणि उठताना क्षणभर त्यांच्याकडे पाहतो.