काठ राखावा, मासा येईल

बालपणी गोव्यातील खाजणाच्या बांधावर उभे राहून आजोबा म्हणत, “बांद सांबाळ, नुस्तें आपशींच येतलें.” बांध सांभाळ, मासे आपोआप येतील. त्या वेळी मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ उमगला नव्हता.

गतवर्षी हैदराबादेतील नयापुलावरून जाताना एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, या मुसीत कधी मासे होते का?” खालचे काळे पाणी पाहून मी निरुत्तर झालो.

मुसी अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावते. १९०८ च्या महापुरानंतर तिच्यावर उस्मानसागर (१९२०) आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले गेले. त्यांच्याभोवती दहा किलोमीटरपर्यंत प्रदूषक कारखाने व मोठ्या वसाहती यांना १९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशाने मनाई केली. २०२२ साली शासनाने ते निर्बंध उठविले.

तेलंगणाचा राज्य-मासा मरळ. काठच्या उथळ, गवताळ पाण्यात तो अंडी घालतो व पिलांची राखण करतो. भराव घालून तो काठ बुजविला, तर जलाशय तुडुंब भरला तरी मरळाचे घर मोडलेच! मग वरून कितीही मत्स्यबीज सोडले, तरी ते वाढणार कोठे?

बालमित्रांनो, त्या प्रश्नाचे उत्तर आज देतो. मुसीत मासे होते. ते परतावेत असे वाटत असेल, तर पाण्याआधी तिच्या काठची जमीन राखली पाहिजे. आजोबांचे बोलणे समजण्यास मला मात्र तीस वर्षे लागली.