किलिंगाचं घर सायपेरसातच

पावसाळ्यात ओलसर गवतात किलिंगाचा पांढरा गोल गुच्छ उठून दिसतो. खाली तीन-चार लांब पानं पसरलेली असतात, काडी चिमटीत फिरवली की तीन धारा बोटांना लागतात. सायपेरस वंशातल्या नागरमोथ्याच्या विस्कटलेल्या तपकिरी तुऱ्याशी तिचं साम्य नाही. फळ चपटं, कुक्षी दोन, नागरमोथ्याला तीन. म्हणून १७७३मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉटबोल यांनी तिला स्वतंत्र वंश मानलं, आणि ते दिसण्यावरून योग्यच होतं. पण २०१३मध्ये इसाबेल लारिडॉन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या डीएनएच्या पुराव्यात ती सायपेरसच्या शाखांमध्येच आढळली. पानांची अंतर्रचनाही याच्याशी जुळते: किलिंगा, नागरमोथा आणि सायपेरसमधलाच पपायरस तिन्ही सी-४ पद्धतीनं कर्ब स्थिर करतात.

तिला सायपेरसात सामावण्यावरचा आक्षेप रास्त आहे: डोळ्यांना ओळखू येणारा वंश मोडून अभ्यासकाचं काय भलं होणार? नावं बदलली की जुने ग्रंथ, बियाण्यांच्या याद्या सगळंच अडखळतं. तरी किलिंगा वेगळी ठेवायची तर सायपेरसमधून तिचे जवळचे नातलगच तोडावे लागतात, किंवा सायपेरसचे अनेक तुकडे करावे लागतात, ज्यांना डोळ्यांनी ओळखणं किलिंगाहून कितीतरी अवघड. मला किलिंगा वंश मोडण्यापेक्षा हे मार्ग अधिक घातक वाटतात. दिसणं लवकर बदलतं, नातं बदलत नाही. आणि वंश हा शब्दच नात्याचा आहे. ओळखीसाठी तिला सायपेरसचा एक विभाग म्हणून ठेवता येतं. हर्बेरियमच्या चिठ्ठीवर सायपेरस लिहावं, आणि शेजारी किलिंगा हे जुनं नावही राहू द्यावं.