बोलीचे पैसे कोणत्या खात्यात?



धुळ्याच्या नणंदबाई त्यांच्या संघाचे हिशेब आता ग्नूकॅशमध्ये लिहितात. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. परवा त्यांनी फोनवर विचारलं, "भाभी, पर्युषणातली सुपनांची बोली 'उत्पन्न'मध्येच टाकायची ना?" आमच्या जळगावच्या संघातही हा प्रश्न निघतो, म्हणून सविस्तर लिहिते.

ग्नूकॅशमध्ये खात्यांचे मूळ प्रकार पाच: मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. नवं खातं उघडताना यातला एक निवडावाच लागतो. बोली उत्पन्नात टाकली की वर्षअखेर शिल्लक मोठी दिसते. मग कोणीतरी सहज म्हणतं, "एवढे उरलेत, तर उपाश्रयाचं छत करून घेऊ." पण देवद्रव्य उपाश्रयाला चालत नाही, साधर्मिक भक्तीलाही नाही.

आपली सात क्षेत्रं म्हणजे जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. खालच्या क्षेत्राचा पैसा गरज पडली तर वर जातो, वरचा खाली उतरत नाही. साधारणचा पैसा सातही क्षेत्रांना चालतो. जीवदयेचा पैसा मात्र मुक्या जनावरांचाच.

म्हणजे हा पैसा संघाची कमाई नाही, संघ फक्त सांभाळणारा. म्हणून मी नणंदबाईंना सांगितलं, 'देणी'खाली 'राखीव निधी' असं मुख्य खातं उघडा. त्याच्या पोटात देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, वैयावच्च, साधारण, जीवदया अशी वेगवेगळी खाती करा. मुख्य खात्याला 'प्लेसहोल्डर'ची खूण करा, म्हणजे त्यात थेट नोंद होत नाही आणि प्रत्येक रुपयाला आपलं क्षेत्र सांगावंच लागतं.

समजा २१,००० रुपयांची बोली झाली. त्याच दिवशी 'श्रावकांकडून येणे' खात्यात नावे आणि देवद्रव्यात जमा. पैसे आले की बँक नावे, येणे जमा. जीर्णोद्धाराला दिले की देवद्रव्य नावे, बँक जमा. देवद्रव्याचं बँक खातं वेगळं ठेवलं तर पडताळाही सोपा जातो.

कायद्यालाही हे परकं नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालच्या ताळेबंदाच्या नमुन्यात राखीव निधींना देण्यांच्या बाजूलाच जागा आहे. तरी वर्ष सुरू होण्याआधी खात्यांची यादी आपल्या सीएंना दाखवून घ्या. नोंदी झाल्यावर खात्याचा प्रकार बदलणं जड जातं.

आणि हेच घरच्या वहीतही करा. आपण बोललेली बोली 'खर्च' म्हणून पैसे देण्याच्या दिवशी लिहू नका. बोललो त्याच दिवशी ती 'देणी'त लिहा. घरखर्चाचं गणित मांडताना ती रक्कम आधीच बाजूला दिसते, आणि देवाचं देणं लवकर फेडायची आठवण राहते. शब्द तोंडातून गेला, तेव्हाच तो पैसा आपला राहिलेला नसतो.