रँडी ऱ्होड्सचं देणं

मी गिटार हातात धरली, त्याच्या कितीतरी आधी रॉक गिटारवादक रँडी ऱ्होड्स हे जग सोडून गेला होता. तरी आज मुलांना मी जे थोडंफार शिकवतो, त्यातलं बरंचसं त्याचंच आहे.

कॉलेजात असताना नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात मी वाजवायचो. बोटं जितकी जलद तितका वादक मोठा, एवढीच तेव्हाची समज. मित्राने ‘ट्रिब्यूट’ नावाची कॅसेट दिली. रँडी ज्याच्या बँडमध्ये वाजवायचा त्या रॉक गायक ऑझी ऑस्बोर्नच्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण रँडीच्या मृत्यूनंतर, १९८७ साली निघालं. त्यातल्या ‘मिस्टर क्राउली’चा सोलो उचलण्यासाठी कॅसेट इतक्यांदा मागे नेली की फीत खरखरू लागली. स्वर मिळाले, गाणं मिळालं नाही. वेगामागे सुरावटीची केवढी शिस्तबद्ध रचना आहे, हे ऐकायला माझे कान तयारच नव्हते.

त्या कॅसेटच्या शेवटी ‘डी’ आहे. आई डेलोरेससाठी रँडीने रचलेली ही साध्या गिटारवरची छोटी चीज. ऑझीच्या मूळ अल्बमवर ती मिनिटभराचीही नाही. इथे मात्र स्टुडिओतले तिचे कच्चे प्रयत्नच ठेवले आहेत. तो वाजवतो, कुठेतरी अडतो, थांबतो, काहीतरी पुटपुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ऑर्केस्ट्रा सुटला होता, गिटार विकून टाकावी असं मनात होतं, त्या दिवसांत मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं. असा वादकही अडतो आणि अडल्यावर चिडत नाही, याचा मला फार मोठा आधार वाटला. गिटार विकली नाही.

पुढे घरी क्लास सुरू करायची वेळ आली, तेव्हा मनात कमीपणा होता. मंचावर जमलं नाही म्हणून शिकवायचं, असं वाटायचं. मग रँडीबद्दल वाचत गेलो. वडील घर सोडून गेले तेव्हा तो दीड वर्षाचाही नव्हता. आईने नॉर्थ हॉलीवूडमधली ‘म्युझोनिया’ ही संगीतशाळा चालवून तिन्ही मुलं वाढवली. रँडी तिथेच शिकला आणि ‘क्वाएट रायट’ बँडच्या काळात तिथेच शिकवू लागला. ऑझीबरोबर नाव झाल्यावरही, दौऱ्यात ज्या गावी मुक्काम असेल तिथे क्लासिकल गिटारचा शिक्षक शोधून तो धडा घ्यायचा. रॉक बाजूला ठेवून क्लासिकल गिटारचीच पदवी घ्यायचं त्याच्या मनात होतं. हे वाचल्यावर शिकवणीच्या खोलीत मी ताठ मानेने बसू लागलो.

त्याचा मृत्यू मला अजून पचलेला नाही. टेनेसीतला कार्यक्रम आटोपून बस फ्लोरिडाला निघाली होती. फ्लोरिडात शिरल्यावर ती लीसबर्गला थांबली. तिथे बसच्या चालकाने एक छोटं विमान उडवलं. रँडीला विमानाची भीती वाटे, तरी तो बसला. सोबत बँडच्या ताफ्यातल्या रेचल यंगब्लड होत्या. विमान उभ्या बसवरून अगदी कमी उंचीवरून नेता नेता त्याचा पंख बसला लागला आणि ते शेजारच्या घराच्या गॅरेजवर कोसळलं. तिघंही गेले. चालकाच्या रक्तात नंतर कोकेन सापडलं. रँडीच्या शरीरात निकोटिनखेरीज काही नव्हतं. पंचवीस वर्षांचा होता तो. दुसऱ्याच्या बेफिकिरीने गेला, याचा राग मला आजही येतो.

भाची कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, सॅन बर्नार्डिनोच्या माउंटन व्ह्यू दफनभूमीत नेलं. आजी-आजोबांना जिथे पुरलं, तिथेच रँडीलाही ठेवलं आहे. नावाच्या पाटीच्या दोन्ही बाजूंना छोट्या कांस्याच्या गिटारी आहेत. मी वाकून नमस्कार केला. भाचीने विचारलं, “मामा, हा तुमचा गुरू?” मी हो म्हणालो. इतक्या सरळपणे ते मी आधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

परतताना मनात डेलोरेसबाईच होत्या. मुलगा गेल्यावरही त्यांनी म्युझोनिया बंद केली नाही. पुढची कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत राहिल्या. २०१५ साली त्या गेल्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ‘डी’चे ते कच्चे प्रयत्न ऐकवतो, तेव्हा ही चीज कुणासाठी रचली होती, हे आधी सांगतो.